दुसऱ्या ऑपरेशनचं आधी विचार

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार असतो, हे एका परीनं बरंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी त्या अंधारात हात डोक्यावर घेऊन पडले होते आणि रेडिऑलॉजिस्ट बाई छातीवर जेल पसरता पसरता एकेक विचारत होत्या, स्तन मोठे दिसावेत म्हणून आत बसवलेल्या पिशव्यांबद्दल.

"इम्प्लांट आहेत ना? कधीचे?"

"2008."

"सिलिकॉन की सलाइन?"

"सिलिकॉन." इथवर जमलं.

"गोल की थेंबाच्या आकाराचे? वरून गुळगुळीत की खरखरीत? कंपनी कुठली?"

मी गप्प. मग त्यांनी त्यातल्या त्यात सोपं म्हणून विचारलं, "किती सीसीचे?" सीसी म्हणजे मिलिलिटर. तीनशेच्या पुढे काहीतरी, असं मी पुटपुटले. घरातल्या वॉशिंग मशीनचा मॉडेल नंबर मला तोंडपाठ होता, कारण त्याचा पाइप दोनदा बदलावा लागला होता. आणि अकरा वर्षं जी वस्तू अंगात घेऊन हिंडत होते, तिचं नावगाव मला सांगता येईना.

त्या तपासणीला निमित्त होतं एका बातमीचं. जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले होते. त्यांच्यामुळे एका दुर्मीळ कर्करोगाचा धोका वाढतो, असं दिसून आलं होतं. माझे त्यातले आहेत का, एवढंच मला कळायला हवं होतं. ज्या क्लिनिकमध्ये ऑपरेशन झालं, ते केव्हाच बंद पडलेलं. फाइल कुणाकडे गेली ते सांगायला कुणी नाही. ऑपरेशननंतर एक छोटं कार्ड दिलं होतं, एवढं अंधूक आठवत होतं. दोन दिवस कपाटं उपसली. शेवटी ते सापडलं मिक्सरच्या वॉरंटी कार्डाला चिकटलेलं. म्हणजे 2008 साली ते कुठे ठेवावं याची अक्कल मला होती. काय ठेवतोय, याची नव्हती.

कार्डावर स्टिकर होता. गोल, गुळगुळीत, 325 सीसी, सीरियल नंबर. कंपनी निराळीच. मी मिक्सरचं कार्ड पुन्हा पाकिटात घातलं आणि दुसरं पर्समध्ये ठेवलं. तिथे ते अजून आहे, फक्त आता त्याच्यासोबत आणखी एक आहे. त्या दुसऱ्याबद्दल पुढे सांगते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी भाची. सव्वीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग एकदम म्हणाली, "मावशी, तुझं ते ऑपरेशन. मला सांगशील?" घरात हा विषय कुणी कधी काढलेला नाही, पण माहीत सगळ्यांना आहे. तिचा उजवा स्तन डाव्याहून बराच लहान आहे. चौदाव्या वर्षापासून ती एका बाजूला पॅड घालते आणि पोहणं तिनं त्यापायी सोडलंय, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांची वेळ घेतली होती तिनं. वहीत प्रश्न लिहायला बसली होती आणि पान कोरं होतं.

"पहिलं काय विचारू?"

"दुसऱ्या ऑपरेशनचं विचार."

"अगं, पहिलंच अजून व्हायचंय!"

म्हणूनच. स्तनांचे इम्प्लांट जन्मभरासाठी नसतात, ही गोष्ट मला 2008 मध्ये कुणी सांगितली नव्हती असं म्हणणं सोपं आहे. सांगितली असेलही. सहीच्या कागदावर कुठेतरी ती असणारच. पण त्या वेळी माझं लक्ष आरशाकडे होतं आणि डॉक्टरांचं माझ्या सहीकडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय: सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवणाऱ्यांपैकी जवळपास 20 टक्के स्त्रियांना ते 8 ते 10 वर्षांत काढावे लागतात. बाकीच्यांनाही पुढे कधी ना कधी त्यांची दखल घ्यावीच लागते. हेही लिहिलंय की सिलिकॉनचे असतील तर 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करायची आणि मग दर 2-3 वर्षांनी पुन्हा. सव्विसाव्या वर्षी ऑपरेशन करणाऱ्या मुलीनं साठीपर्यंतचा हिशेब मांडून पाहावा. तपासण्या किती, भूल किती वेळा, रजा किती, आणि या सगळ्याचे पैसे कुणाच्या खिशातून. सौंदर्याच्या ऑपरेशनला विमा सहसा हात लावत नाही, आणि त्यातून पुढे उद्भवलेल्या भानगडींनाही बऱ्याचदा नाही.

माझ्या बाबतीत ती वेळ तेराव्या वर्षी आली. डाव्या कुशीवर झोपलं की काहीतरी टोचायचं. आधी वाटलं गादी. मग एक दिवस आंघोळ करताना लक्षात आलं, उजवीकडे बोट दाबलं तर मऊ लागतं आणि डावीकडे टेनिसच्या चेंडूसारखं. आरशात बघितलं तर डावी बाजू बोटभर वर सरकलेली आणि जरा जास्तच गोल. कपड्यांतून कुणाला कळलं नसतं. मला मात्र एकदा दिसलं ते पुन्हा न दिसणं शक्य नव्हतं.

याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, आणि पुढे जाण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इम्प्लांटच्या तक्रारींत हीच सगळ्यांत जास्त वेळा भेटते. शरीरात कुठलीही परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पापुद्रा विणतं आणि तिला वेगळी पाडतं. हा पापुद्रा, म्हणजे कॅप्सूल, प्रत्येकीच्या इम्प्लांटभोवती असतो आणि असायलाच हवा. बहुतेक वेळा तो पातळ आणि नरम राहतो. काही जणींचा मात्र जाड होत जातो आणि आवळतो, ओल्या चामड्याचा पट्टा सुकताना आवळतो तसा. आतलं जेल तसंच मऊ असतं, पण पिशवीच आवळल्यावर त्याला जायला जागा उरत नाही. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत काहीच कळत नाही, दुसरीत हाताला कळतं, तिसरीत डोळ्यांना दिसतं, चौथीत दुखतं. मी तिसरीत होते. हे का होतं, याचं एकच एक खात्रीचं कारण नाही. आत साचलेलं रक्त, किंवा बाहेरून काहीच लक्षण न दाखवणारा जंतूंचा पातळ थर, या गोष्टी त्याला हातभार लावतात एवढं डॉक्टर मानतात. माझ्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, एकाच हातानं, सारखेच इम्प्लांट बसवले होते. उजवी बाजू अजिबात कुरकुरली नाही.

आता फुटण्याबद्दल. भाचीचा दुसरा प्रश्न हाच होता, "विमानात फुटतात का?" नाही फुटत. पण वर्षानुवर्षांच्या वापरानं बाहेरचं कवच विरतं. सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा इम्प्लांट फुटला तर काही दिवसांत ती बाजू बसते, पाणी शरीर शोषून घेतं आणि सगळ्या जगाला कळतं. सिलिकॉनचं उलट आहे. हल्लीचं जेल घट्ट असतं, कवचाला भेग पडली तरी ते जागच्या जागी राहतं आणि बाईला पत्ताही लागत नाही. म्हणून ती दर दोन-तीन वर्षांची तपासणी. आपल्याला काही होत नाहीये, हा इथे पुरावा धरता येत नाही.

तेव्हा दुसरं ऑपरेशन. नव्या सर्जनबाईंनी माझ्यासमोर पर्याय मांडले. नुसते काढून टाकायचे; पण तेरा वर्षं ताणलेली कातडी आणि वजनाखाली विरळ झालेला मूळचा भाग आता पहिल्यासारखा होणार नाही, रिकाम्या पिशवीसारखं दिसेल, हे त्यांनी न लपवता सांगितलं. किंवा काढून वर उचलायचं ऑपरेशन करायचं, त्याचे व्रण जास्त. किंवा कॅप्सूलसकट जुने काढून नवे, लहान बसवायचे. मी आठवडाभर विचार केला आणि लहान घेतले, 240 सीसीचे. पर्समधलं दुसरं कार्ड त्यांचंच.

भाची थांबलीच. "म्हणजे तू पुन्हा बसवलेस? मला वाटलं तू मला नको करू म्हणणार आहेस."

मी नको म्हणत नाही. कर असंही म्हणत नाही. 2008 ते 2021 ही तेरा वर्षं मी ज्या अंगानं वावरले, ते मला आवडत होतं, हे खोटं कशाला बोलू? पण पहिल्या वेळी मी 325 का घेतले, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. क्लिनिकमध्ये एका मुलीचा फोटो दाखवला, मी म्हटलं असे, आणि तिचे 325 होते. तिची छाती केवढी रुंद, खांदे केवढे, तिचा मूळचा भाग किती, काही विचारलं नाही. माप दुसरीच्या अंगावरून घेतलं.

मापाचं सांगते. सर्जनच्या भाषेत कप साइझ नसतो. ते सीसीत बोलतात आणि त्याहूनही आधी सेंटिमीटरमध्ये, कारण स्तनाचा पाया किती रुंद आहे त्यावर इम्प्लांटची रुंदी ठरते. पायाहून रुंद घातला तर तो काखेकडे सरकतो किंवा मध्ये येतो. एकाच आकारमानाचा इम्प्लांट बारीक चणीच्या मुलीवर मोठा दिसतो आणि रुंद छातीवर हरवतो. ब्राच्या कंपन्या तर 'सी' कप म्हणजे काय यावर एकमेकींशीही सहमत नाहीत, तेव्हा "मला सी करा" या मागणीला अर्थ नाही.

मी भाचीला एक उद्योग दिला. दोन बारीक प्लास्टिकच्या पिशव्या, एकेकीत 300 मिलिलिटर पाणी मोजून, हवा काढून गाठ मारायची, ढगळ ब्रामध्ये घालायच्या आणि चार तास नेहमीची कामं करायची. सिलिकॉनचं वजन जवळपास पाण्याइतकंच भरतं, त्यामुळे 300 सीसी म्हणजे बाजूला 300 ग्रॅम. दोन्ही मिळून सहाशे ग्रॅम, अर्ध्या किलोहून थोडं जास्त. जिने चढताना, वाकून चप्पल घालताना, उताणं झोपताना कसं लागतं ते बघ म्हटलं. पाऊण तासात एक पिशवी गळली, तिचा टीशर्ट भिजला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की गंभीरपणा संपला. पण पिशव्या पुन्हा भरताना तिनं न सांगता त्या दोनशेच्या केल्या.

ठेवायचं कुठे, यावर डॉक्टर बोलतीलच. स्तनाच्या ग्रंथीखाली, पण स्नायूच्या वर. किंवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली. किंवा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली, ही मधली वाट हल्ली बरीच चालते. बारीक अंगाच्या मुलींना स्नायूचं पांघरूण लागतं. छातीच्या वरच्या भागाची चिमूट घेऊन बघतात. ती दोन सेंटिमीटरहून पातळ भरली तर स्नायूखालीच, नाहीतर कडा उठून दिसतात आणि लाटा पडतात. मात्र स्नायूखाली ठेवला तर तो स्नायू आवळला की इम्प्लांट बाहेरच्या अंगाला उडी मारतो. माझे तसेच आहेत. दोन तळवे एकमेकांवर जोरात दाबले की दोन्ही बाजू दचकल्यासारख्या हलतात. मी करून दाखवलं. भाची आधी घाबरली, मग म्हणाली, पुन्हा कर.

छेद बहुतेक वेळा स्तनाखालच्या घडीत घेतात, दीडेक इंचाचा. काखेतून किंवा स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनंही घेता येतो. वर्तुळाच्या कडेचा व्रण छान लपतो, पण तिथून दुधाच्या नलिका आणि नसा जवळ. ज्या मुलीला पुढे मूल हवं असेल तिनं हे आवर्जून बोलावं. इम्प्लांट असताना पुष्कळ जणी अंगावर पाजतात. काहींना दूध कमी पडतं. स्तनाग्राची संवेदना कमी होते, कधी नको तितकी वाढते, आणि क्वचित परत येतच नाही. माझ्या डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा आहे, तिथे स्पर्श कळतो, पण लांबून कुणी सांगितल्यासारखा.

आणि एक गैरसमज, जो माझ्या ओळखीतल्या दोघींना महागात पडला. इम्प्लांट भरतो, उचलत नाही. स्तनाग्र खालच्या घडीच्याही खाली उतरलेलं असेल तर नुसता इम्प्लांट घालून ते वर येत नाही, भरलेलं असूनही ओघळलेलंच राहतं. त्याला वर उचलायचं ऑपरेशन लागतं. भाचीचा प्रश्न याच्याच शेजारचा आहे. एकाच बाजूला इम्प्लांट घातला तर आज दोन्ही सारखे दिसतील, पण वीस वर्षांनी एक बाजू वयानुसार उतरेल आणि दुसरी तशीच गोल उभी राहील. मोठी बाजू लहान करता येते का, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या मापाचे घालावेत का, की पोटाची-मांडीची चरबी काढून तिथे भरावी? चरबीचा थोडा भाग शरीर शोषून घेतं, फार वाढ मिळत नाही, कधी दोन बैठका लागतात. पण आत परकी वस्तू राहत नाही आणि तिच्यासारख्या एकाच बाजूच्या फरकाला हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. हे मी तिच्या वहीत ठळक लिहिलं.

पहिला सिलिकॉनचा इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसी या बाईला बसवला गेला. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे सर्जन. ती दवाखान्यात गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी इम्प्लांटचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की मला खरं तर माझे पुढे आलेले कान मागे घ्यायचेत. तेही करून देऊ म्हणाले, आणि तिनं होकार दिला. ही गोष्ट वाचली त्या दिवसापासून मला ती बाई विसरता येत नाही. आपल्याला काय सलतंय हे तिला नेमकं माहीत होतं, आणि ते वेगळंच होतं.

त्यानंतरचा इतिहास मी फार उगाळणार नाही, पण दोन-तीन गोष्टी माहीत हव्यातच. 1992 मध्ये अमेरिकेनं सौंदर्यासाठी सिलिकॉनचे इम्प्लांट थांबवले, 2006 मध्ये पुन्हा परवानगी दिली. तिथे आजही सौंदर्यासाठी सलाइनला 18 वर्षांची आणि सिलिकॉनला 22 वर्षांची अट आहे. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं, ते 2010 मध्ये उघड झालं; तोवर ते जगभरातल्या लाखो बायकांच्या अंगात गेलं होतं. कंपनीच्या मालकाला 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. माझं ऑपरेशन हे उघड होण्याच्या दोनच वर्षं आधीचं, आणि मी ती बातमी त्या वेळी वाचलीही नव्हती.

आणि तो कर्करोग. त्याचं नाव लांबलचक, आद्याक्षरांनी बीआयए-एएलसीएल. हा स्तनाचा कर्करोग नाही, रोगप्रतिकारक पेशींचा आहे आणि तो इम्प्लांटभोवतीच्या पापुद्र्यात होतो. एफडीएनं त्याकडे 2011 मध्ये बोट दाखवलं, 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद घेतली. तो मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी जोडलेला आहे. गंमत अशी की तो खरखरीतपणा आणला गेला होता कॉन्ट्रॅक्चर कमी व्हावं आणि थेंबाच्या आकाराचा इम्प्लांट आत फिरू नये म्हणून. एक भोक बुजवताना दुसरं पडलं. तो दुर्मीळ आहे आणि वेळेत कळला तर पापुद्र्यासकट इम्प्लांट काढून बहुतेकदा बरा होतो. कित्येक वर्षांनी एक बाजू अचानक पाणी भरल्यासारखी सुजली, तर वाट पाहायची नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा, केस गळणं अशा तक्रारी काही बायका इम्प्लांटशी जोडतात. याला ठरावीक चाचणी नाही. 1999 मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं सिलिकॉनमुळे संधिवाताच्या जातीचे आजार होतात याला पुरावा नाही असं म्हटलं. 2021 मध्ये एफडीएनं इम्प्लांटच्या माहितीपत्रकात ठळक इशारा सक्तीचा केला, त्यात या लक्षणांचाही उल्लेख आहे. काढल्यावर काहींना बरं वाटलंय. मला स्वतःला हे झालं नाही, पण ज्यांना झालं त्यांना "मनाचे खेळ" म्हणणारा डॉक्टर भेटला तर मी खुर्चीवरून उठेन.

ऑपरेशनचा दिवस खरं तर सगळ्यांत सोपा. दीड-दोन तास, पूर्ण भूल, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. महिनाभर आधीपासून सिगरेट बंद, व्हेपसुद्धा, कारण निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि जखम भरत नाही. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या गोळ्याही डॉक्टरांना सांगून टाकायच्या. आपल्या मनानं सुरू किंवा बंद काहीच करायचं नाही.

नंतरचे पाच दिवस मात्र छातीवर पाटा ठेवल्यासारखे. उठताना हातांवर भार देता येत नाही, मग पोटाच्या जोरावर उठायचं. उशांचा ढीग करून अर्धवट बसून झोपायचं. बरणीचं झाकण उघडत नाही, वरच्या फळीवरचं काही काढता येत नाही, स्वतःचे केस बांधता येत नाहीत. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. चौथ्या दिवशी मी बाथरूममध्ये रडले होते, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. आरशात दिसतं ते विचित्र असतं: दोन्ही गळ्याशी चढलेले, तुकतुकीत, चौकोनी, एकमेकांशी भांडल्यासारखे. ते खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात. मधूनच आत विजेची चुणूक उठते, नसा जाग्या होत असतात. आठवड्यानं बैठं काम जमतं, पण चार ते सहा आठवडे जड उचलणं नाही. घरात लहान मूल असेल तर ते उचलून घ्यायला दुसरं कुणीतरी हवं, आणि ते मूल तुमच्याकडेच हात पसरणार.

पुढे मॅमोग्राफीला गेल्यावर टेक्निशियनला आधी सांगायचं. इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या फोटोंसह ती करावी लागते, कारण तो काही भाग झाकतो. इम्प्लांटमुळे स्तनाच्या कर्करोगाची शक्यता वाढत नाही, पण तपासणी किचकट होते खरी.

एवढं सगळं झाल्यावर भाचीनं विचारलं, "आणि तू पहिल्यांदा केलंस ते का?"

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. त्या काळी एक माणूस होता, त्याचं एक वाक्य होतं, आणि ते वाक्य मी ऑपरेशन टेबलापर्यंत घेऊन गेले होते. माणूस वर्षभरात गेला. त्याच्यासाठी केलं असं मी तेव्हा कबूल केलं नसतं. पहिल्या सर्जननं विचारलंही नाही. दुसऱ्या बाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून झाल्यावर म्हणाल्या, आज तारीख देत नाही, पंधरा दिवसांनी या. त्याच भेटीत त्यांनी मला त्यांच्या हातच्या चांगल्या निकालांबरोबर बिघडलेल्या दोन केसचे फोटोही दाखवले. मी त्यांच्याकडे परत गेले ते त्या दोन फोटोंमुळे.

भाचीचं कारण तिचं स्वतःचं आहे. तिला पोहायचंय. तरी मी विचारलं, कुणी काही बोललं का तुला? ती म्हणाली, कुणी काही बोलत नाही हाच त्रास आहे. मग तिनं विचारलं, हात लावून बघू का? मी म्हटलं, बघ. तिनं डावीकडे तळहात ठेवला आणि म्हणाली, "जरा थंड लागतं गं." लागतं. थंडीतून आत आल्यावर शरीर गरम होतं, तेही होतात, पण मागाहून.

गेल्या मंगळवारी तिची वेळ होती. बाहेर पडताच फोन केला.

"मावशी, पहिलाच प्रश्न विचारला."

"मग?"

"त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे विचारणार असशील तर खुर्ची जरा पुढे घे, वेळ लागेल." ती हसली. "पाऊण तास बोलत होत्या. कार्ड कसं असतं तेही दाखवलं. चरबीचं जमेल का बघायला पुन्हा बोलावलंय. आणि मावशी, पिशवी गळलेली पण सांगितली मी त्यांना."